तारखांची टक्कर: बुकिंगच्या वहीतून शिकलेलं

दादर पश्चिमेच्या एका मंगल कार्यालयात मी २६ वर्षं बुकिंगच्या वहीवर बसले. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, एका पानावर एक महिना, आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. शाईने लिहायचं ते डिपॉझिट हातात पडल्यावर. निवृत्त होऊन नायगावला घरी बसले, तर भाचा बँकेच्या परीक्षांच्या मागे लागलेला. एका संध्याकाळी पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "मावशी, हे बघ ना. आईला आठवतंय वाढदिवस अमुक तारखेनंतर आहे, बाबांना आठवतंय तमुक तारखेच्या आधी आहे. मग वाढदिवस कधी? डोकं फिरतं." मी प्रश्न वाचला आणि मला हसूच आलं. जन्मभर दुसरं काय केलं होतं मी? फक्त तिथे विचारणारा नवऱ्या मुलाचा मामा असायचा, आणि चुकलं की गुण नाही कापले जायचे, दोन वराती एका दारात यायच्या.

आता रविवारी दुपारी लालबागच्या अभ्यासिकेतली चार-सहा मुलंही येतात. मेगाब्लॉक असला की कमी. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात गणितापासून नाही, भाषेपासून करायची. तारखांच्या कोड्यात दहापैकी सात चुका बेरीज-वजाबाकीत होत नाहीत, टोकाच्या शब्दात होतात असा माझा अनुभव आहे. "१२ तारखेनंतर" म्हटलं की १२ बाहेर, १३ पासून सुरू. "१२ पासून" म्हटलं की १२ आत. "१८ च्या आधी" म्हणजे १७ला संपलं. "१८ पर्यंत" म्हणजे १८ आत. इथवर सगळे मान डोलावतात. मग येतं "१५ च्या आधी नव्हता" आणि अर्धी मुलं १६ लिहितात. अरे, १५ च्या आधी नव्हता, म्हणजे १५ला असू शकतो! नकार आला की टोक आत येतं. तसंच "१५ नंतर नव्हता" म्हणजे १५ धरून आधीचं सगळं.

"१२ आणि १८ च्या दरम्यान" हा मात्र भांडणाचा शब्द आहे. बोलताना आपण दोन्ही टोकं धरून बोलतो, आणि प्रश्नपत्रिकेत बहुतेक वेळा दोन्ही टोकं सोडलेली असतात. मी मुलांना सांगते, दोन्ही अर्थ धरून बघा. ज्या अर्थाने उत्तर एकच उरतं तो अर्थ प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात होता. हे तर्कशास्त्र नाही, माणसाची पारख आहे; पण परीक्षेत तीही लागते.

ही पारख मला फुकट मिळाली नाही. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एक गृहस्थ म्हणाले, "सतरापर्यंत हॉल आमचा." मी समजले सतराला सकाळी खाली करणार, आणि सतरा तारीख एका बारशाला दिली. सतराला सकाळी वर सत्यनारायणाची पूजा चाललेली, चौरंग मांडलेला, आणि खाली दारात दोन माणसं फुलांनी सजवलेला पाळणा खांद्यावर घेऊन उभी. बाळाची आजी मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून वहीत मी "पर्यंत", "नंतर", "आधी" हे शब्द लिहिणंच बंद केलं. फक्त "धरून" लिहायचं. "१४ धरून, १७ धरून." कोड्यातही तेच करा. वाक्य वाचलं की लगेच समासात त्याचं रूपांतर करून टाका: "१२ नंतर, १८ च्या आधी" याचं १३–१७. मूळ वाक्याकडे पुन्हा बघायचं कारणच उरू नये.

मुलांपैकी एक जण कायद्याचा अभ्यास करते. तिने आणखी एक गंमत सांगितली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम ९ प्रमाणे कायद्याच्या मजकुरात "पासून" या अर्थाचा शब्द आला की पहिला दिवस सोडून मोजायचं, आणि "पर्यंत" आला की शेवटचा दिवस धरायचा. म्हणजे आपलं रोजचं "पासून" एक आणि कोर्टाचं "पासून" दुसरं! कोकणात जाणाऱ्यांना याची चव रेल्वेनेही दिली आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि त्यात प्रवासाचा दिवस मोजत नाहीत. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २५ ऑगस्टला निघायचं असेल तर तिकीट उघडलं २६ जूनला. प्रवासाचा दिवस मोजून बसलेला माणूस २७ जूनला खिडकीशी पोचला असता, आणि तोवर वेटिंग लिस्ट लागलेली. एका दिवसाचा फरक म्हणजे काय ते सावंतवाडीवाल्याला विचारा.

टोकं नीट लिहून झाली की निम्मं काम झालं. आता खरी युक्ती. चार जणांच्या चार मुदती समोर असतील तर त्यातल्या मधल्या तारखांकडे बघायचंच नाही. मुलं १३, १४, १५, १६ असं सगळं लिहीत बसतात आणि एकेकावर काट मारतात. त्यात वेळ जातो. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या, पीओ (बँक अधिकारी) पदाच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ३४ सेकंद. काट मारत बसलात तर पुढचे तीन प्रश्न गेले. दोनच गोष्टी शोधा: सगळ्यात उशिरा सुरू होणारं कोण, आणि सगळ्यात लवकर संपणारं कोण. उशिराच्या सुरुवातीपासून लवकरच्या शेवटापर्यंत जे उरतं ते सगळ्यांचं सामाईक. सुरुवात शेवटाच्या पुढे निघून गेली तर सामाईक काहीच नाही.

उदाहरण घ्या. घरात वाद चाललाय, ताईचा साखरपुडा जूनच्या किती तारखेला झाला. आई म्हणते १२ नंतर आणि १८ च्या आधी. काका म्हणतात १५ च्या आधी नव्हता आणि २० पर्यंत उरकला होता. मावशी म्हणते ८ ला मी गावाहून आले, त्यानंतर झाला, आणि १६ च्या आधी. समासात लिहा: आई १३–१७, काका १५–२०, मावशी ९–१५. सुरुवाती आहेत १३, १५, ९. सगळ्यात उशिराची १५. शेवट आहेत १७, २०, १५. सगळ्यात लवकरचा १५. म्हणजे १५ जून, दुसरा पर्यायच नाही. आणि काकांचं "आधी नव्हता" ज्याने १६ वाचलं, त्याच्याकडे सुरुवात १६ आणि शेवट १५. त्याने "माहिती अपुरी" किंवा "विसंगत" यावर खूण केली आणि पाव गुण गमावला.

फक्त दोनच मुदती असतील आणि प्रश्न एवढाच असेल की टक्कर होते का, तर उलटीकडून विचारा. टक्कर होण्याचे प्रकार पुष्कळ: एक दुसरीच्या पोटात, एकीची शेपटी दुसरीच्या डोक्यावर, दोघींची सुरुवात एक आणि शेवट वेगळा. टक्कर न होण्याचे प्रकार दोनच. ही संपली मग ती सुरू झाली, किंवा ती संपली मग ही. दोन्हीपैकी एकही नसेल तर टक्कर आहे, पुढे बघायचं नाही. फोनवर "बाई, अठरा ते एकवीस मिळेल का" असं कोणी विचारलं की मी वहीत हे दोनच प्रश्न बघायची. पाच सेकंदांत उत्तर. समोरच्याला वाटायचं बाईंना वही पाठ आहे.

टक्कर किती दिवसांची, असं विचारलं तर शेवटातून सुरुवात वजा करून एक मिळवा. हा एक विसरणारे दर रविवारी असतात. १५ ते १७ म्हणजे तीन दिवस, दोन नव्हे. बोटं मोजा.

महिने बदलले की लोक गोंधळतात, आणि त्याचं कारण ते मोजायच्या दोन पट्ट्या एकत्र वापरतात. एका साडीच्या सेलची मुदत २८ जानेवारी ते ५ मार्च, दुसऱ्याची २५ फेब्रुवारी ते १० मार्च, दोन्ही टोकं धरून. दोन्ही किती दिवस एकत्र चालू होते? सामाईक भाग २५ फेब्रुवारी ते ५ मार्च. आता वर्ष बघा. २०२४ असेल तर फेब्रुवारीचे पाच आणि मार्चचे पाच, मिळून दहा. २०२३ असेल तर नऊ. वर्ष दिलेलं असेल तर ते उगीच दिलेलं नसतं. लांबच्या मुदती असतील तर सगळ्या तारखा १ जानेवारीपासूनच्या क्रमांकात बदलून घ्या. २५ फेब्रुवारी हा ५६वा दिवस, २०२४ चा ५ मार्च ६५वा. ६५ वजा ५६ अधिक १, दहा. महिन्याचे ३० की ३१ हे मुठीवर बघा, शाळेत शिकवलेलंच आहे. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही उंचवट्यावर येतात हे लक्षात ठेवलं की झालं. शतकाची वर्षं तेवढी सांभाळा. २००० लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं.

पट्टी एक ठेवण्याचा धडा मला परीक्षेच्या पुस्तकातून नाही, पंचांगातून मिळाला. यजमान म्हणायचे, "एकादशी अकराला आहे का बाराला?" तिथी ही मुळात तारखेच्या चौकटीत बसणारी गोष्टच नाही. ती साधारण १९ ते २६ तासांची असते, दुपारी तीनला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला संपू शकते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा सर्वसाधारण नियम. म्हणून कधी एक तिथी दोन सूर्योदयांना सापडते आणि वृद्धी होते, कधी एकाही सूर्योदयाला सापडत नाही आणि क्षय होतो. गुरुजी आणि केटरर यांच्यात जितकी भांडणं मी सोडवली, त्यातली बरीचशी इथली होती: एक जण तिथी मोजतोय, दुसरा तारीख. कोड्यात "तिसरा सोमवार", "पौर्णिमेनंतर चार दिवस", "महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात" असं काही आलं की आधी सगळ्याची तारीख करा. मग टोकं काढा.

आता खोल्यांचं कोडं. हे मला सगळ्यात आवडतं, आणि याच्यावर जरा थांबणार आहे.

आमच्याकडे बाहेरगावच्या वऱ्हाडासाठी मागच्या बाजूला खोल्या होत्या. सकाळी दहाला खाली करायच्या, दुपारी बाराला नव्यांना द्यायच्या. समजा पाच कुटुंबं आली: अ ३ला येऊन ६ला जाणार, ब ५ला येऊन ९ला, क ६ला येऊन ८ला, ड ८ला येऊन ११ला, इ ९ला येऊन १०ला. कमीत कमी किती खोल्या लागतील?

बहुतेक मुलं कुटुंबाला खोली देत सुटतात. तसं करू नका. ओळीने सगळ्या येण्याजाण्याच्या तारखा लिहा, येण्याला अधिक एक, जाण्याला उणे एक. मग डावीकडून चालत जा आणि बेरीज ठेवत जा. ३ला एक. ५ला दोन. ६ला अ गेला, एक. क आला, दोन. ८ला क गेला, एक. ड आला, दोन. ९ला ब गेला, एक. इ आला, दोन. १०ला इ गेला, एक. ११ला ड गेला, शून्य. बेरीज दोनच्या वर कधी गेलीच नाही, म्हणून दोन खोल्या पुरतात. खात्री करायची असेल तर पहिल्या खोलीत अ, मग क, मग ड. दुसरीत ब, मग इ.

हेच आकडे घ्या आणि नियम बदला. पाच कुटुंबांऐवजी पाच प्रदर्शनं, आणि दोन्ही टोकांचे दिवस पूर्ण भरलेले. मग ६ तारखेला अ, ब, क तिघंही हजर. ८ला ब, क, ड. ९ला ब, ड, इ. म्हणजे तीन हॉल. आकडा एक बदलला नाही आणि उत्तर बदललं! चालत जाताना फरक एवढाच: खोल्यांच्या कोड्यात एकाच तारखेला आधी जाणाऱ्याला घालवा, मग येणाऱ्याला घ्या, प्रदर्शनाच्या कोड्यात आधी येणाऱ्याला घ्या, मग जाणाऱ्याला घालवा. प्रश्नात "रात्री", "मुक्काम", "चेक आउट" असे शब्द दिसले की पहिला प्रकार. "दिवस चालू होतं", "दोन्ही दिवस धरून" दिसलं की दुसरा. काहीच दिसलं नाही, तर दुसराच धरते मी, कारण तारखा लिहिणारा माणूस सहसा पूर्ण दिवसांचा विचार करतो.

कार्यालयात एक दृश्य दर हंगामात ठरलेलं. मुलीकडचे, मुलाकडचे, गुरुजी, आणि दुबईहून सुट्टी काढून येणारा एखादा काका. मुलीचे वडील वैतागून म्हणायचे, "आमचं आणि त्यांचं जुळतं, त्यांचं आणि काकांचं जुळतं, आमचं आणि काकांचं पण जुळतं, पण तिघांचं मिळून जुळेल का कुणास ठाऊक." मी विचारायची, प्रत्येक जण सलग मोकळा आहे ना? मग जुळतंच. न बघता सांगते. कसं ते बघा. सगळ्यात उशिरा येणारा एक, सगळ्यात लवकर जाणारा एक. त्या दोघांची भेट होते हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे उशिराची सुरुवात लवकरच्या शेवटाच्या पुढे गेलेली नाही. आणि वर सांगितलेल्या नियमाने तेवढं सगळ्यांना पुरतं. तिघं असोत की तीस. भाच्याने मोबाइलवर शोधून दाखवलं की एडुआर्ड हेली नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाचं या जातीचं एक प्रमेय १९२३ साली छापून आलं, आणि सरळ रेषेवरचा हा त्याचा सगळ्यात सोपा प्रकार आहे. मी त्याला म्हटलं, हेलीसाहेबांना लग्नसराईत आमच्या काउंटरवर बसवायला हवं होतं.

पण "सलग" हा शब्द सोडू नका. जून २०२५ चे रविवार घ्या: १, ८, १५. एका मुलाला १ आणि ८ मोकळे, दुसऱ्याला ८ आणि १५, तिसऱ्याला १ आणि १५. दोघादोघांची भेट प्रत्येक वेळी होते, तिघांची एकदाही नाही. मधे भोकं असली की हा नियम कोसळतो. कोड्यात "फक्त रविवारी", "एक दिवसाआड" असं आलं की टोकांची युक्ती बंद, तिथे मात्र मुकाट्याने तारखा लिहून काट मारायची.

याच सलगपणावर एक कोडं पुस्तकात चुकीचं सोडवलेलं मला सापडलं होतं. माझ्या शब्दांत सांगते. जूनच्या ३० दिवसांत आत्या सलग २० दिवस राहायला आली, मामा सलग २२ दिवस, आजी सलग २४ दिवस. तिघंही एकत्र घरात असल्याचे कमीत कमी किती दिवस? पुस्तकाच्या पद्धतीने तिन्हींची बेरीज ६६, त्यातून ६० वजा, उत्तर ६. ही पद्धत सुटेसुटे दिवस असतील तर बरोबर आहे. सलग असतील तर नाही. आत्या १ ते २०, मामा ९ ते ३०, अशी त्यांची जास्तीत जास्त ताणाताण करा. त्या दोघांची भेट ९ ते २०, बारा दिवस. आता आजीला कुठेही ठेवा. तिचे २४ दिवस लवकरात लवकर सुरू झाले तर १ ते २४, उशिरात उशिरा ७ ते ३०. ७ ते २४ मध्ये ती घरात आहेच. ९ ते २० त्याच्या पोटात. म्हणजे आजीमुळे एक दिवसही कमी होत नाही आणि उत्तर १२. सलग मुक्कामांत सगळ्यात छोट्या दोघांचीच बेरीज करा, त्यातून महिना वजा करा, बाकीच्यांना चहा द्या.

"चौघांपैकी एक जण चुकतोय" हा प्रकार आला की मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, कारण चोर दोघांतलाच एक असतो. जूनमधल्या एका तारखेबद्दल अ म्हणतो १०–१४, ब १३–१८, क १६–२०, ड १२–१७. उशिराची सुरुवात १६, ती कची. लवकरचा शेवट १४, तो अचा. १६ पुढे, १४ मागे, म्हणजे अ आणि क दोघं एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. एकच चुकतोय म्हटल्यावर तो या दोघांतला. ब आणि ड यांना तपासायची गरजच नाही. अ चुकला असं धरलं तर उरतात १६ आणि १७. क चुकला असं धरलं तर १३ आणि १४. मग प्रश्नात खाली एखादी ओळ असते, "तो शुक्रवार होता आणि वर्ष २०२५." त्या जूनमधले शुक्रवार ६, १३, २०, २७. म्हणजे १३ तारीख, आणि चुकला तो क. वार शेवटी लावायचा हे लक्षात घ्या. सुरुवातीला वार घेऊन बसलात तर सगळ्या महिन्याचं कॅलेंडर डोक्यात मांडावं लागतं.

डेटा सफिशियन्सी, म्हणजे दिलेली विधानं उत्तराला पुरेशी आहेत का असं विचारणारे प्रश्न, त्यांच्याबद्दल फार सांगत नाही, युक्ती तीच आहे. पथ्य एवढंच की दुसरं विधान वाचताना पहिलं हाताने झाकायचं. अक्षरशः हात ठेवायचा. पहिलं विधान: १७ नंतर, २१ च्या आधी, उरले १८, १९, २०. दुसरं: १६ नंतर, १९ च्या आधी, उरले १७, १८. एकट्या कुणाचं भागत नाही, दोघं मिळून १८. पहिल्यातलं १८ डोक्यात राहिलं की दुसरं विधान वाचताना १७ दिसतच नाही, आणि "दुसरं एकटं पुरेसं" यावर खूण होते. माझा भाचा यात तीनदा पडला. चौथ्यांदा मी त्याचा हात धरून कागदावर ठेवला.

येत्या रविवारसाठी मुलांना दिलेलं कोडं तुम्हालाही देते. आमच्या चाळीच्या टाकीचा पाइप फुटला, महिना जुलै. वॉचमन म्हणतो ५ नंतर आणि १२ च्या आधी फुटला. सेक्रेटरी म्हणतात ८ पासून १४ पर्यंत मी गावाला होतो, तेव्हाच फुटला. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, १० तारखेपर्यंत माझ्या नळाला पाणी अगदी नीट येत होतं. पाइप किती तारखेला फुटला? उत्तर एकच तारीख यायला हवी. दोन आल्या तर काकूंचं वाक्य पुन्हा वाचा.